जलरंगात चित्र मळकट होतं. महागडे रंग घेतले तर फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाल्यावर बरीच वर्षं ब्रश हातात नव्हता, आता दोन वर्षं दर रविवारी निसर्गचित्रं करताय. रेखाटन जमतं, पण रंग लावले की चित्र मळतं. म्हणून आर्टिस्ट ग्रेडचा सेट घ्यावा का, असा प्रश्न आहे.

माझं मत: इतक्यात नको. पैसे घालायचेच असतील तर कागदावर घाला. १३०-१४० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, म्हणजे साधा ड्रॉइंगचा कागद, पाणी पडताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि दुसरा हात दिला की पहिला थर उखडून वर येतो. निम्मा मळ तिथेच तयार होतो. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस्ड (किंचित खरबरीत) कागद घ्या. शंभर टक्के कॉटन परवडला तर उत्तमच. २२ × ३० इंची ताव चौघडी घालून कापला की ११ × १५ चे चार तुकडे मिळतात, सरावाला त्यांचेही दोन करा. खोडरबर मात्र जपून. जोरात घासलं की कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं आणि नेमका तिथेच रंग टिपकागदासारखा शोषला जातो.

उरलेला निम्मा मळ सवयीचा आहे. परीक्षेच्या वस्तुचित्राला बहुतेकांचा हात पोस्टर कलरवर बसतो. तिथे चुकलं तर वरून लावता येतं, उजेड शेवटी पांढऱ्याने काढता येतो. जलरंगात कागदाचा पांढरा हाच उजेड. तो एकदा झाकला की पूर्ण परत मिळत नाही, आणि वरून पांढरा मिसळला की रंग खडूसारखा दिसतो. सावळाराम हळदणकरांचं, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्र जलरंगातलं आहे. त्यातला उजेड भोवतीच्या गडद छटांनी उजळलाय, हे निरखून बघा.

म्हणून महिनाभर रंगपेटी बंद. फक्त बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग, १० नंबरचा गोल ब्रश आणि रोज वीस मिनिटं. निसर्गचित्रही नको. खिडकीजवळ मातीचा माठ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि डोळे किलकिले करून बघा. बारकावे गेले की उजळ, मधला आणि गडद असे तीनच टोन उरतात. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने ते तीन टोन भरून घ्या, पाच मिनिटांत. हे टाळलंत तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

मग रंग. पहिला हात ताकाच्या निवळीइतका पातळ: चमकणारा ठिपका सोडून अख्खा माठ आणि टेबलावर पडलेली सावलीसुद्धा एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात. बोर्ड पंधराएक अंश तिरका ठेवा, म्हणजे खालच्या कडेला रंगाचा थेंब जमतो. तोच ओढत खाली न्यायचा, शेवटी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. आता थांबा. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे. दुसरा हात ताकाइतका दाट, फक्त सावलीच्या भागात. उजेडाकडची कड लगेच ओलसर ब्रशने विरघळवा, नाहीतर माठ गोल न दिसता कापलेला दिसतो. माठाची सावली आणि टेबलावरची सावली एकमेकींत मिसळू द्या. तिसरा, दह्याइतका घट्ट, फक्त माठाच्या तोंडाच्या आत आणि बुड टेबलाला टेकतं तिथे. वाळल्यावर रंग फिका पडतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे. फोनवर माठाचा आणि चित्राचा कृष्णधवल फोटो शेजारी ठेवला की चूक लगेच कळते. बहुतेकांच्या चित्रात गडद टोन पुरेसा गडद नसतोच!

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती वॉश अर्धवट वाळलेला असताना. कागद तिरक्या उजेडात धरा. चकचकीत असेल तर वाटेल तो रंग सोडा, मिसळेल. चमक मंदावली की फक्त कागदावरच्यापेक्षा घट्ट रंग चालतो. पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात तर पाणी रंगद्रव्याला बाजूला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. चमक गेली पण कागद गार आहे, तेव्हा हात मागे. नेमकं याच वेळी आपल्याला ‘जरासं सुधारावंसं’ वाटतं. पावसाळ्यात ही वेळ लांबते, मे महिन्याच्या दुपारी मिनिटा-दोन मिनिटांत संपते. हेअर ड्रायर चालेल, पण चमक गेल्यावरच. आधी लावलात तर साचलेलं पाणी पळतं.

महिन्याने रंग उघडाल तेव्हा ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. अल्ट्रामरीन निळ्यावर पीबी २९ असा रंगद्रव्याचा एकच क्रमांक दिसेल, सॅप ग्रीनवर बहुधा दोन-तीन. असे दोन मिश्र रंग एकत्र केले की पॅलेटवर पाच-सहा रंगद्रव्यं जमतात आणि राखाडी-तपकिरी चिखल होतो. सुरुवातीला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक लेमन यलो एवढंच ठेवा. पहिल्या दोघांतून जवळजवळ काळ्यापर्यंतचे सगळे करडे निघतात, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. श्रावणातल्या डोंगराचा हिरवा अल्ट्रामरीन आणि लेमनमध्ये किंचित सिएना टाकून करा. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर प्लॅस्टिकच्या पानांसारखा दिसतो. पाण्याचे डबे दोन हवेत, एक ब्रश धुवायला आणि दुसरा रंगात घालायच्या पाण्याचा. दुसऱ्याचं पाणी चहासारखं दिसायला लागलं की ओतून द्या, मग वॉश कितीही बाकी असो.