कॅनडात स्थायिक होताना येणारा मानसिक ताण कसा हाताळावा?

तुम्ही बायको-मुलीला घेऊन टोरांटोला निघालाय आणि मन कसं सांभाळायचं ते विचारलंय. बँक खातं, सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक), भाड्याचं घर हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी घरी करायच्या फोनबद्दल लिहितो.

२०१७ साली मी ठाण्यातलं वर्तकनगर सोडलं. वागळे इस्टेटमध्ये बारा वर्षं कारखान्यातला शॉप फ्लोअर सांभाळला होता आणि टोरांटोजवळच्या मिसिसागाच्या एका गोदामात रात्रपाळीला खोक्यांवर लेबलं चिकटवू लागलो. तिथल्या ऑन्टॅरिओ प्रांतात इंजिनीअरचा परवाना हवा तर तेव्हा कॅनडातल्याच एका वर्षाचा अनुभव मागायचे. अन्यायच होता तो. (२०२३ मध्ये ती अट गेली.)

पहाटे साडेतीनला मधली सुट्टी व्हायची. ठाण्यात तेव्हा दुपारचा एक. आई फोन ओट्यावर ठेवून पोळ्या लाटायची. बोलणं फारसं नसायचं. पोळपाटाचा आवाज, कुकरची शिट्टी, खालून भंगारवाल्याची हाक. तेवढ्यावर उरलेली पाळी निघायची.

दादा म्हणाला, "रोज फोन करतोस म्हणून तिथे रमत नाहीस. बंद कर." ऐकलं मी. दोन महिने फक्त रविवारी फोन केला. त्या दोन महिन्यांत बायकोशीही धड बोललो नाही, झोप उडाली. मग पुन्हा रोज सुरू केला आणि हळूहळू माणसात आलो.

तिकडच्याच क्वीन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांवर खूप काम केलंय. आपलं न सोडता नव्यातही मिसळणाऱ्यांना ताण सहसा कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. गेल्या गणपतीत दादाला हे सांगितलं. "पुस्तकी आहे सगळं," म्हणाला. पुस्तकी नाही, मी भोगलंय.

अर्थात नुसत्या फोनवर भागत नाही. बायकोला वाचनालयातल्या मोफत इंग्रजी गप्पांच्या वर्गात मैत्रिणी मिळाल्या, तसं काहीतरी लगेच शोधा. झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेली तर सरळ डॉक्टरकडे जा. जीव नकोसा झाला तर तिथे ९८८ या फोन नंबरवर चोवीस तास कोणीतरी असतं.

पण घरचा फोन कमी करा असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. निघण्याआधी आईला वेळेचा फरक नीट सांगा. उन्हाळ्यात साडेनऊ तास, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. आमच्या आईने कालनिर्णयवर त्या तारखेला पेनने लिहिलं होतं, "उद्यापासून पोळ्या दोनला."