यादीत नाव कोणाचं?

प्रश्न : सर, दहशतवाद संपवायला हवा, असं अमेरिका, रशिया, चीन सगळेच म्हणतात. मग अशा मोहिमांमुळे त्यांचं आपसातलं वैर का मिटत नाही?
– एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : वैर थोडा काळ निवळतं, आणि कधीकधी पुढे वाढतंसुद्धा. तुझ्या जवळच्या बाणावलीपासूनच सुरुवात करू. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सची, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या गटाची, शिखर परिषद तिथे भरली, तेव्हा उरीच्या हल्ल्याला महिनाही लोटला नव्हता. गोवा जाहीरनामा आला तसा मी पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. दहशतवादाचा निषेध ठिकठिकाणी होता. सीरियातल्या आयसिस आणि अल-नुसरा या दहशतवादी संघटनांची नावंही होती. रशिया तिथेच लढत होता. पाकिस्तानातल्या 'जैश-ए-मोहम्मद' आणि 'लष्कर-ए-तैयबा' या संघटना मात्र शोधूनही सापडल्या नाहीत. पाकिस्तानला दुखवायची चीनची तयारी नव्हती. उरीत जवान गेले त्या घरांचा विचार करून मला आजही त्याची चीड येते. ती नावं पुढच्या वर्षी चीनमधल्या श्यामेनच्या ब्रिक्स जाहीरनाम्यात आली, पण जैशचा म्होरक्या मसूद अझहर याला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालायला चीनने मे २०१९ उजाडू दिला.

अमेरिकेचंही तेच. एप्रिल २००१ मध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमानाची टक्कर झाली, दोन्ही देश हमरीतुमरीवर आले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर सूर पालटला. २००२ मध्ये अमेरिकेने चीनमधल्या उइगुर मुस्लिमांची 'पूर्व तुर्कस्तान इस्लामी चळवळ' दहशतवादी ठरवली, चीनला हवं होतं तसंच. २०२० मध्ये, संबंध पार बिघडल्यावर, अमेरिकेने आपल्या एका यादीतून ते नाव काढलं.

दुसरं भांडण लष्करी तळांचं. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी अमेरिकी सैन्य उझबेकिस्तान आणि किर्गिझस्तानात उतरलं, तेव्हा पुतिन यांनी आडकाठी केली नाही. पण मोहीम लांबली, तळ हलेनात, तशी रशिया-चीनला धास्ती वाटू लागली. २००५ मध्ये कझाकस्तानच्या अस्ताना इथे रशिया, चीन आणि मध्य आशियाई देशांच्या शांघाय सहकार्य संघटनेने तळ हटवायची मुदत मागितली. त्याच वर्षी उझबेकिस्तानने अमेरिकेला बाहेर काढलं. किर्गिझस्तानातला मानस तळ २०१४ पर्यंत टिकला.

सीरियात तर अमेरिका आणि रशिया एकाच आकाशात होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये दोघांनी करार केला, तो विमानं एकमेकांवर आदळू नयेत एवढ्यापुरता. बॉम्ब कोणावर टाकायचे, यावर त्यांचं जमलंच नाही.