पहिल्यांदाच गीक मेळाव्याला (तंत्रज्ञान, कॉमिक्स असल्या गोष्टींचं वेड असणाऱ्यांच्या) निघालायस?

सगळी सत्रं गाठायच्या नादाला लागू नकोस. खरी मजा मधल्या वेळात, चार्जिंगच्या सॉकेटभोवती जमलेल्या घोळक्यात असते. तिथे 'सध्या काय बनवतोयस?' एवढं विचारलं की समोरचा अर्धा तास बोलायचा थांबत नाही.

बारकॅम्प असेल (आलेले लोकच सत्रं घेतात असा मेळावा, २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत सुरू झालेला प्रकार), तर वेळापत्रक तिथेच फळ्यावर भरतात. सत्र रटाळ वाटलं तर मधेच उठ, कुणी रागवत नाही. नवख्यानेही काहीतरी सादर करावं, अशी तिथली रीत. घाबरू नकोस, फसलेला प्रोजेक्टही चालतो. माझ्या मते तोच जास्त रंगतो.

कॉस्प्लेवाल्यांचे (आवडत्या पात्राचा वेश करून आलेल्यांचे) फोटो मात्र विचारूनच काढ. आणि पॉवर बँक घे, मी दोनदा विसरलोय.