पहिल्या फेरीसाठी दिवाडी बेट
सायकल आणि कॅमेरा घेऊन तुम्ही पहिल्यांदाच निघत असाल, तर दिवाडी बेट निवडावे, असे मी आग्रहाने सुचवीन. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की खाजन शेतांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांमधून, सपाट रस्ता लागतो आणि बेटावरच्या पिएदाद गावच्या टेकडीपर्यंत फारसा चढ नाही. कॅमेरा हँडलच्या पिशवीत ठेवू नये, कारण खड्ड्यांचे हादरे थेट लेन्सला बसतात. रुंद पट्ट्याने तो पाठीवर तिरका घ्यावा. चालत्या सायकलवरून फोटो कधीही काढू नये. अंतर कापण्याची घाई तर मुळीच नको: भरती-ओहोटीचे पाणी ज्या दारांतून आतबाहेर होते, त्या एखाद्या मानशीपाशी, कोवळ्या उन्हात, बांधावरचे बगळे तुमच्या असण्याला सरावेपर्यंत निवांत थांबावे. परतल्यावर खाऱ्या हवेने लेन्सवर आलेला थर मऊ कापडाने पुसावा.