बर्फ हटवायच्या ब्लेडची लिफ्ट ढिली झालीय, पिना बदलूनही फरक नाही

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही सिरॅक्यूजजवळ राहतो, न्यूयॉर्क राज्यात, लेक ऑन्टारिओवरून येणारा बर्फ इथे एकेका रात्रीत फूटभर पडतो. ड्राइव्हवे लांब आहे म्हणून जुना गार्डन ट्रॅक्टर घेतला, पुढे ४८ इंची ब्लेड, हाताच्या लिव्हरने उचलायचं. आता लिव्हर पूर्ण ओढला तरी ब्लेड जेमतेम दोन इंच उचलतं, डावी-उजवी बाजूही खाली-वर होते, आणि मधेच लिव्हर खाचेतून सुटून ब्लेड धाडकन खाली येतं. दोन नव्या पिना टाकल्या, काही उपयोग झाला नाही. अख्खी लिफ्टच बदलू का? जुन्या मॉडेलची मिळतही नाहीये.
– एक वाचक, सिरॅक्यूज

उत्तर: बदलू नका, ही दुरुस्ती घरच्या गॅरेजमधे होते. फक्त ते लिव्हर सुटणं आधी बंद करा, बाकी सगळं नंतर, कारण ब्लेड पडताना तो लिव्हर जोरात मागे येतो आणि मनगटावर बसतो. खाच आणि तिच्यात बसणारा दात दोन्ही गोल झाले असतील, तर त्यावर वेल्डचा थर चढवून कानसीने पुन्हा चौकोनी धार काढा. तोवर तो ट्रॅक्टर चालवू नका, अगदी शेजारी अडकले असले तरी.

आता पिनांचं. पिन नवी टाकली पण भोक तेच राहिलं ना! मी कोल्हापूरला उद्यमनगरात काम शिकलो, तिथे ऊसाच्या ट्रॉल्यांचे हूक यायचे, त्यांची भोकं अशीच लांबट झालेली असायची, कारण ओढ एकाच बाजूला. तुमच्याकडेही तेच झालंय. आणि झीज एका जागी नसते: लिव्हरचा बूड, मधला रॉड, बेलक्रँक (ओढीची दिशा बदलणारा, मधोमध फिरणारा कोनासारखा तुकडा), ब्लेडच्या फ्रेमचा कान, अशा चार सांध्यांत प्रत्येकी १/८ इंच ढिलाई धरली तर अर्धा इंच झाला. त्यात ब्लेडची फ्रेम मागच्या पिव्होटपासून, म्हणजे ती जिथे फिरते त्या सांध्यापासून, ४८ इंच लांब आणि उचलणारा रॉड त्या पिव्होटपासून १६ इंचावर लागलेला असेल, तर तोच अर्धा इंच ब्लेडपाशी दीड इंच होतो. तुमची उचल गेली ती इथे.

म्हणून ब्लेड जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, घरातल्या कुणाला तरी लिव्हर थोडा थोडा पुढेमागे करायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन एकेक सांधा नुसता बघा, बोट घालू नका. पिन हलते पण पुढचा रॉड हलत नाही असं जिथे दिसेल तिथे खडूने खूण करा.

एक गोष्ट मात्र नीट बघा. बऱ्याच ब्लेडच्या रॉडला एका टोकाला मुद्दाम लांब खाच ठेवलेली असते, जमिनीच्या चढउतारावर ब्लेडने आपोआप खालीवर व्हावं म्हणून. तिच्या दोन्ही कडा सरळ आणि सारख्या असतात, झिजलेलं भोक मात्र एकाच अंगाला ओघळल्यासारखं दिसतं. ही खाच झीज समजून भरून टाकली तर ब्लेड खड्ड्यात उतरणार नाही आणि उंचवट्यावर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जाईल.

झिजलेल्या भोकात थेट मोठा ड्रिल घालू नका, तो लांबट बाजूलाच ओढला जातो. मी काय करतो, पाव इंच जाडीच्या पट्टीचा तुकडा घेऊन त्यात अर्ध्या इंचाचं भोक स्वतः पाडतो. बाजारातला अर्ध्या इंची बोल्टचा वॉशर नको, त्याचं भोक मुळातच मोठं असतं, म्हणजे ढिलाई पहिल्याच दिवशी परत आली. मग जुनी पिन भोकाच्या न झिजलेल्या कडेला टेकवायची, मूळ जागा तीच, तिच्यावर तुकडा ओवायचा, वेल्डचे दोन टाके मारायचे, सरळ बसलाय का बघायचं आणि मगच पूर्ण वेल्ड. पिन गरम असतानाच पक्कडीने फिरवून काढा, नाहीतर आतच चिकटून बसेल. शक्यतो भाग ट्रॅक्टरवरून सोडवून, पेट्रोलच्या टाकीपासून लांब नेऊन वेल्ड करा, सोडवता येत नसेल तर निदान बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. जस्ताचा मुलामा असेल तर आधी ग्राइंडरने उडवा, तो धूर वाईट असतो, गॅरेजचं दार उघडं ठेवा, थंडी वाजली तरी चालेल.

बेलक्रँक मात्र सतत फिरतो, तिथे पट्टीने भागत नाही. जाड पाइपचा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, वेल्ड करा, रुंदी निदान एक इंच ठेवा आणि त्याला ग्रीस भरायचं निपल लावा. पिनेऐवजी बोल्ट वापरणार असाल तर भोकात आटे येता कामा नयेत, आटे कानसीसारखे भोक खातात. डावी-उजवी बाजू हलते ती बहुतेक फ्रेमच्या मागच्या पिव्होटमुळे, तिथेही हाच उपाय.

ग्रीस थंडीत पातळ राहणारं घ्या आणि बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्याजवळ काम केलंत की त्याच दिवशी पुन्हा मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.