मिलानला लेकीकडे चाललो, मधात तीन दिवस मोकळे आहेत, कुठं जावं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमी गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगावकडचे. पोरगी मिलानले शिकून रायली, तिनं यंदा आमाले दोघाले बोलावलं हाय. रोवणी आटोपली का ऑगस्टच्या दुसऱ्या हप्त्यात निघू म्हणतो. तिच्याजवळ दहा दिवस राहू, पण मधात तीन दिवस तिले प्रोजेक्टचं काम हाय तर तेवढ्यात तुमी दोघं कुठंतरी फिरून या म्हणते. भाचा म्हणते एवढा खर्च करून चालले तर व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम तिनही उरकून टाका. पण हिचे गुडघे दुखतात, चढण जमत नाही, नि आमी माळकरी, अंडंही चालत नाही. इंग्रजी कामापुरती येते. एखादं लहान, सोपं शहर सांगा जी, जिथं धावपळ होणार नाही. (एक धान उत्पादक शेतकरी)

उत्तर : भाऊ, भाच्याचं मन चांगलं आहे पण त्याचं ऐकू नका. तीन दिवसात तीन मोठी शहरं म्हणजे स्टेशन, बॅगा, रांगा, परत स्टेशन, आणि वहिनींचे गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागतील. तुम्ही इटलीतल्याच मांटोव्हा या छोट्या शहरात जा. दोन रात्री राहा आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं लेकीकडे परत. मी स्वतः तिथं राहून आलेय, आणि तुमचं पत्र वाचल्यावर दुसरं नाव डोक्यात आलंच नाही, कारण ते तलावांचं गाव आहे आणि तुम्हीही तलावांच्याच मुलखातले.

आपल्याकडं नवेगाव बांधपासून गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव कोहळी लोकांनी पाणी अडवून बांधले नं, तसंच मांटोव्हाचं आहे. मिंचो नावाची नदी उत्तरेकडून गार्डा तलावातून येते, ती बाराव्या शतकाच्या शेवटी आल्बेर्तो पितेन्तिनो नावाच्या माणसानं अडवली आणि गावाच्या चारही बाजूनं पाणी उभं केलं. पुरापासूनही बचाव आणि शत्रूपासूनही. चौथा तलाव नंतर आटवला, आता तीन आहेत, वरचा, मधला, खालचा, नावंही तशीच साधी. आठशे वर्षांपूर्वीचं पाणी अडवायचं काम अजून गावाला वेढून आहे, हे तुमच्यासारख्या पाण्याची किंमत कळणाऱ्या माणसानं काठावर बसून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि कमळं! वरच्या तलावात 1921 साली शिकून निघालेल्या एका तरुण बाईनं कमळ लावलं, ते इतकं पसरलं की आता दर उन्हाळ्यात ते कापून आवरावं लागतं, नाहीतर बोटीला वाट उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फुलतं, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा थोडं उतरणीला लागलं असलं तरी दिसेल. तलावातून बोटी सुटतात, तास-दीड तासाची फेरी घ्या, सकाळची घ्या, दुपारी ऊन फार लागतं. ऊन म्हणजे आपल्या मे महिन्यासारखं नाही पण दमट असतं, घाम निथळतो, आणि पाणी म्हटलं की मच्छर आलेच, तेव्हा ओडोमॉस इथूनच न्या.

गुडघ्याचं म्हणाल तर गाव सपाट आहे, चढण नावाला नाही. मी मुद्दाम बेर्गामो सांगत नाहीये, ते मिलानच्या जवळ आहे आणि सुंदर आहे पण जुनं गाव डोंगरावर, डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेनं गेलं तरी वर चढउतार आहेच. मांटोव्हाला एकच त्रास, जुन्या रस्त्यांवर नदीचे गोटे बसवलेत, चपलेत पाय वळतो. वहिनींना जाड सोलचे बूट घालायला लावा, साडीवर कसे दिसतात याचा विचार करू नका, तिथं कोणी पाहत नाही. स्टेशनपासून मोठ्या चौकापर्यंत चालत वीसेक मिनिटं, बॅग असली तर टॅक्सी करा.

आता पाहायचं काय. गोन्झागा घराण्यानं इथं 1328 पासून जवळजवळ पावणेचारशे वर्षं राज्य केलं, त्यांचा राजवाडा पालाझ्झो दुकाले म्हणजे पाचशेच्या वर खोल्या. सगळ्या पाहायच्या भानगडीत पडूच नका. एक खोली मात्र सोडू नका, आंद्रेआ मान्तेन्या या चित्रकारानं 1465 ते 1474 अशी नऊ वर्षं घालून रंगवलेली. भिंतीवर सगळं राजघराणं, घोडा, कुत्री, आणि छत बंद असून वर पाहिलं की गोल झरोका उघडा आहे आणि त्यातून बाया खाली वाकून आपल्याकडेच बघून राहिल्या असं वाटतं. मी मान दुखेपर्यंत पाहत होते. 2012 च्या भूकंपात या वाड्याला तडे गेले होते आणि ही खोली 2015 पर्यंत बंद होती, आता पाहता येते पण आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून तिकीट लेकीला आधीच ऑनलाइन काढायला सांगा. वाडा सोमवारी बंद असतो, दिवस ठरवताना एवढं बघाच.

दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला पालाझ्झो ते, नावच 'ते'. हा गोन्झागांचाच 1525 च्या सुमारास बांधायला घेतलेला मौजेचा वाडा, जुलिओ रोमानो या वास्तुकारानं बांधला. त्यात एका दालनात मालकाच्या आवडत्या घोड्यांची खऱ्या मापाची चित्रं आहेत. बैलजोडीवर जीव असलेला माणूस पोळ्याला ती कशी सजवतो, तसं त्या राजानं आपल्या घोड्यांना कायमचं भिंतीवर उभं केलंय, तुम्हाला ते दालन लगेच पटेल. आणि राक्षसांची खोली, तिथं भिंत कुठं संपते नि छत कुठं सुरू होतं ते कळतच नाही, कोपरेच गोल करून टाकलेत आणि चहूकडून खांब-दगड कोसळून राहिलेत राक्षसांवर. वहिनींना मधोमध उभं करा आणि हळूहळू गोल फिरा म्हणा.

बाकी सान्त आंद्रेआ चर्च, त्याच्याजवळचं अकराव्या शतकातलं गोल लहान चर्च, आणि बिब्येना नावाचं छोटं नाट्यगृह, जिथं जानेवारी 1770 मध्ये तेरा वर्षांच्या मोझार्टनं वाजवलं होतं, हे सगळं चालता चालता होतं.

एक गोष्ट तुमच्यासाठी म्हणून सांगते. व्हर्जिल हा रोमन लोकांचा फार मोठा कवी, तो इसवी सनापूर्वी 70 साली मांटोव्हाजवळच्या खेड्यात जन्मला. त्यानं चार भागांचं अख्खं काव्य शेतीवर लिहिलं, नांगरणी-पेरणी, झाडं आणि द्राक्षवेली, गुरंढोरं, मधमाशा. त्याच्याच हयातीत या भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून लढाईवरून आलेल्या सैनिकांना वाटून टाकल्या होत्या. गावात त्याच्या नावाचं मोठं मैदान आहे, झाडांची सावली आहे, पुतळा आहे, संध्याकाळी तिथं जाऊन बसा.

15 ऑगस्ट हा तिकडंही मोठ्या सुटीचा दिवस, घरगुती हॉटेलं त्या आठवड्यात कुलूप लावून समुद्राकडं निघून जातात. पण तुमची तारीख जुळली तर गावाबाहेर सातेक किलोमीटरवर ग्रात्सिए म्हणून देवस्थान आहे, तिथं त्या दिवशी जत्रा भरते आणि 1973 पासून चित्रकार लोक रंगीत खडूनं जमिनीवर मोठमोठी देवाची चित्रं काढायच्या स्पर्धेला येतात. दिवाळीत अंगणभर रांगोळी काढणाऱ्या वहिनींना ते दाखवाच. चर्चच्या आत छताला एक खराखुरा पेंढा भरलेला मगर टांगलेला आहे, दचकू नका.

जेवणाचं मात्र खरं सांगते. तिथली नावाजलेली वस्तू म्हणजे कोहळ्याचं (लाल भोपळ्याचं) सारण भरलेली तोर्तेल्ली, पण तिच्या कणकेत अंडं असतं. तिथल्या भाताच्या पदार्थाला रिसोत्तो अल्ला पिलोटा म्हणतात, भात कांडणाऱ्या मजुरांवरून ते नाव पडलं, पण त्यात डुकराचं मांस. तिथल्या जुन्या चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, वापरतात. म्हणून हॉटेलच्या भरवशावर राहू नका, किचन असलेली खोली घ्या. दुकानात वियालोने नानो नावाचा तिथलाच बुटका जाड तांदूळ मिळतो, आपल्या एचएमटीसारखा मोकळा होत नाही पण गरम भात-वरण-तूप होतं. तूरडाळ, मसाला, लोणचं घरून न्या. बाहेर खायचं तर मारिनारा पिझ्झा मागा, त्यात चीज नसतं, किंवा मक्याच्या पिठाचा पोलेन्ता, फक्त 'सेन्झा कार्ने, सेन्झा उओवा, सेन्झा फोर्माज्जो' एवढं कागदावर लिहून खिशात ठेवा, म्हणजे मांस नको, अंडं नको, चीज नको. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत काही मिळत नाही, गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मिलानहून थेट लोकल गाडी आहे, दोनेक तास लागतात. तिला रिझर्वेशन लागत नाही, भाव ठरलेला असतो, पण कागदी तिकीट गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशिनीत छापून घ्यावंच लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. उन्हाळ्यात कधी कधी रुळाच्या कामासाठी गाडीऐवजी बस सोडतात, म्हणून आदल्या रात्री लेकीकडून वेळ पाहून घ्या.

प्रश्न : ताई, वरच्यासारखंच आमचंही आहे, पण आमची नोकरी नाही, इन्कम टॅक्स भरत नाही, फक्त शेती. व्हिसा मिळते का? (एक वाचक, वर्धा जिल्हा)

उत्तर : शेतकऱ्याला व्हिसा नाही असं काही नाही. मोठ्या माणसाची फी 90 युरो, आणि निदान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतोच. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. परत येणार हे पटवायचं असतं, म्हणून सातबारा, विकलेल्या मालाच्या पावत्या, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडा. आणि अर्जाच्या आठ दिवस आधी कोणाकडून उसने घेऊन खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती लगेच डोळ्यात येते. चुकाऱ्याचे पैसे आले असतील तर त्याची पावती सोबत लावा.