लाकडात ख्रिस्त कोरायचाय? आधी हे वाच

तू पाठवलेलं ख्रिस्ताचं रेखाटन छान आहे, पण ते पेन्सिलीचं आहे. एक्सप्रेशनिस्ट (भावना तीव्रपणे मांडणाऱ्या) वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी फळी कोरून छापलेल्या चित्रात, करुणा छायेतून येत नाही, कापातून येते. जर्मन चित्रकार एमिल नोल्डेचा १९१२ चा 'प्रॉफेट' (प्रेषित) हा वुडकट समोर ठेव. काळ्या शाईत उमटलेले मोजके पांढरे काप, खोल गेलेले डोळे, गालफडं, बस्स. लाकडाच्या रेषाही त्याने लपवलेल्या नाहीत. म्हणून एमडीएफ (भुशाचा दाबून केलेला, रेषा नसलेला बोर्ड) नको, पाइनची स्वस्त फळी घे आणि तारेच्या ब्रशने जरा घासून रेषा वर येऊ दे.

मग दुसरा जर्मन चित्रकार कार्ल श्मिट-रोटलुफ याचा १९१८ चा ख्रिस्तावरचा संच बघ. नऊ वुडकट आहेत. महायुद्धात पूर्व आघाडीवर राहिलेला हा माणूस ख्रिस्ताच्या कपाळावरच '१९१८' कोरतो. माझ्या मते त्या आकड्यापुढे काटेरी मुकुटही फिका. तू मात्र अक्षर-आकडे कोरताना उलटे कोर, नाहीतर छापताना आरशातले उमटतील.

प्रेस (छापयंत्र) नसेल तर अडू नकोस. पातळ हातकागद ठेवून चमच्याच्या पाठीने घास. शाई कमी लाव, नाहीतर बारीक काप बुजतात.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओचा 'मिझेरेरे' हा छापचित्रांचा संच सध्या नुसता बघ, नक्कल करू नकोस. ५८ प्लेट्स, तांब्यावरच्या, अॅक्वाटिंट (आम्लाने छटा आणायची पद्धत) वगैरे मिसळून. तो वेगळाच उद्योग आहे. आणि क्रूसावरच्या ख्रिस्ताचा प्रसंग सगळ्यात शेवटी घे. आधी पेत्राचा नकार (शिष्य पेत्र ख्रिस्ताला ओळखत नाही म्हणतो तो प्रसंग) किंवा यहूदाचं चुंबन (शिष्य यहूदा चुंबन घेऊन ख्रिस्ताला पकडून देतो तो) कर: दोन चेहरे, एक फळी.